ई. कोलायचा एसओएस प्रतिसाद मोजताना: स्ट्रेन निवडण्यापासून आकडेमोडीपर्यंत

डीएनए बिघडला की ई. कोलाय जीवाणू आपली दुरुस्ती जनुकं एकत्र चालू करतो, त्याला एसओएस प्रतिसाद म्हणतात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रकल्पांत तो मोजण्याचा प्रयोग बऱ्याचदा एकाच पद्धतीने फसतो. जीवाणूंना यूव्ही दिला जातो, पेशी मरतात, पण दुरुस्ती जनुकांचा प्रतिसाद दिसतच नाही. कधी तो यूव्ही न दिलेल्या नळीतही तेवढाच दिसतो. मग अहवालात ‘प्रतिसाद आढळला नाही’ असं लिहून विषय मिटवला जातो. खरं तर पेशींनी आपलं काम चोख केलेलं असतं. चूक स्ट्रेनमध्ये, उजेडात किंवा नमुना घेण्याच्या वेळेत झालेली असते.

सोलापुरातल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सहसा जी साधनं असतात, त्यांत हा प्रयोग नीट कसा करायचा ते इथे क्रमाने दिलं आहे. प्रकल्पाचं काम जानेवारीत सुरू होऊन मार्च-एप्रिलच्या उन्हात शिरतं. त्यामुळे उष्णतेने कुठे घोटाळा होतो, तेही त्या त्या टप्प्यावर सांगितलं आहे.

## १. आधी साखळी डोक्यात पक्की करा

पुढच्या पायऱ्यांचा क्रम या साखळीवरूनच ठरतो. म्हणून ती पाठ करण्यापेक्षा समजून घ्या.

सामान्य स्थितीत लेक्सए नावाचं रिप्रेसर प्रथिन चाळीसहून अधिक जनुकांच्या सुरुवातीला असलेल्या ‘एसओएस बॉक्स’वर बसून ती दाबून ठेवतं. यूव्हीमुळे डीएनएत शेजारशेजारचे पिरिमिडीन (टी आणि सी ही अक्षरं) एकमेकांना चिकटतात. नुसत्या या चिकटलेल्या जोड्या लेक्सएला हलवू शकत नाहीत. डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा त्यांच्यापाशी अडखळते, एकेरी धाग्याचे तुकडे उघडे पडतात आणि त्यांवर एटीपीच्या साहाय्याने रेकए प्रथिनाची साखळी तयार होते. ही साखळी लेक्सएला भेटली की लेक्सए स्वतःच स्वतःला कापतं, ८४व्या ॲलानिन आणि ८५व्या ग्लायसिनच्या मध्ये. रेकए फक्त त्याला कापून घ्यायला भाग पाडतं.

लेक्सएचा साठा घटला की जनुकं मोकळी होतात, पण सगळी एकदम नाहीत. लेक्सए ज्यांच्यावर सैल बसतं ती आधी उघडतात: यूव्हीआरए, यूव्हीआरबी अशी कापून-काढून दुरुस्ती करणारी. ज्यांच्यावर घट्ट बसतं ती उशिरा उघडतात: पेशीविभाजन थांबवणारं सुलए आणि चुका करत का होईना, पण प्रत पुढे नेणाऱ्या पॉलिमरेज ५ साठीची उमुडी-उमुसी जोडी. लेक्सएचं स्वतःचं जनुकही लेक्सएच्याच ताब्यात आहे. त्यामुळे दुरुस्ती झाली, एकेरी धागे संपले आणि रेकएची साखळी सुटली की नवं लेक्सए साठत जातं आणि सगळं पुन्हा बंद होतं.

यातून प्रयोगासाठी तीन गोष्टी निघतात. पेशी वाढत असायला हव्यात, कारण प्रत काढणं चालू नसेल तर एकेरी धागे फारसे उघडे पडत नाहीत. रेकए शाबूत असायला हवं. आणि प्रतिसाद वेळेनुसार चढतो-उतरतो, त्यामुळे एकाच वेळचा एक नमुना काहीच सांगत नाही.

## २. स्ट्रेन: निम्मे प्रयोग इथेच फसतात

फ्रीजमध्ये हाताशी असलेला स्ट्रेन उचलू नका. क्लोनिंगसाठी वापरले जाणारे डीएच५-अल्फा, जेएम१०९, एक्सएल१-ब्लू आणि टॉप१० हे सगळे रेकए१ उत्परिवर्तित आहेत, म्हणजे त्यांचं रेकए काम करत नाही. त्यांत एसओएस चालूच होत नाही. मुख्य प्रयोगात ते निरुपयोगी आहेत, पण ‘प्रतिसाद येऊ नये’ असा निगेटिव्ह कंट्रोल म्हणून उत्तम.

बीएल२१ मध्ये रेकए शाबूत असलं तरी लॉन प्रोटिएज नाही. सुलएला तोडून पेशीविभाजन पुन्हा सुरू करण्याचं काम लॉन करतं. ते नसल्याने बीएल२१ च्या पेशी यूव्हीनंतर लांबलचक होतात आणि तशाच राहतात. हे पाहून ‘फारच तीव्र प्रतिसाद’ असा निष्कर्ष काढू नका.

हवा आहे तो रिपोर्टर स्ट्रेन, म्हणजे सुलए किती चालू आहे हे मोजता येणाऱ्या एन्झाइमने दाखवणारा: सुलएच्या प्रमोटरपुढे (जनुक चालू करणाऱ्या भागापुढे) लॅकझेड, म्हणजे बीटा-गॅलॅक्टोसिडेझ एन्झाइमचं जनुक, जोडलेला, मूळ लॅक ओपेरॉन काढून टाकलेला, रेकए आणि लेक्सए शाबूत असलेला. एसओएस क्रोमोटेस्टमधला (डीएनए बिघडवणारी रसायनं ओळखायच्या चाचणीतला) पीक्यू३७ याच जातीचा आहे. त्यात यूव्हीआरए बिघडवलेलं असल्याने तो थोड्या नुकसानीलाही प्रतिसाद देतो आणि लवकर मरतोही. पीक्यू३७ वापरणार असाल, तर पुढे दिलेले यूव्ही डोस निदान पाचव्या हिश्श्यावर आणा.

एमजी१६५५ हा साधा जंगली स्ट्रेन सर्व्हायव्हल वक्रासाठी (कोणत्या डोसला किती पेशी जगतात त्या आलेखासाठी) आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी चांगला. पण त्याचं स्वतःचं लॅकझेड शाबूत असतं, म्हणून त्यात वरून लॅकझेड रिपोर्टर घालून मोजणी करू नका.

रिपोर्टर जास्त प्रतींच्या प्लास्मिडवर असेल तर आणखी एक अडचण येते. एसओएस बॉक्सच्या कित्येक प्रती पेशीत येतात, मोजकं लेक्सए त्यांत वाटलं जातं आणि नुकसान नसतानाही पार्श्वभूमी वर चढते. रिपोर्टर गुणसूत्रावर असलेला कधीही बरा.

इशारा: शेतातल्या काळ्या मातीतून वेगळे केलेले जीवाणू घेऊन त्यांचा ‘एसओएस’ मोजायला जाऊ नका. त्यांत रिपोर्टर नसतो. बॅसिलससारख्यांचा एसओएस बॉक्स वेगळा असतो आणि त्यांचे बीजाणू यूव्हीला दाद देत नाहीत, ते एसओएसमुळे नव्हे. ॲसिनेटोबॅक्टर बॉमॅनीत लेक्सएच नाही. क्षयाच्या जीवाणूत बरीच दुरुस्ती जनुकं पाफबीसी नावाच्या वेगळ्या नियामकाच्या ताब्यात असतात. मातीतल्या नमुन्यांवर सर्व्हायव्हल वक्र काढा, त्यापुढचा दावा करू नका.

तपासा: स्ट्रेन पुण्याहून किंवा चंदीगडहून मागवताना जीनोटाइपचा कागद मागून घ्या. त्यात रेकए, लेक्सए, सुलए, लॉन, यूव्हीआरए आणि लॅक या सहा ठिकाणी काय लिहिलं आहे ते वहीत उतरवून ठेवा. उन्हाळ्यात स्लँट हातोहात आणायचा असेल तर थर्मासमधून आणा. आल्या दिवशीच एकेक वसाहत वेगळी करून २० टक्के ग्लिसरॉलमध्ये साठा करा.

## ३. रसायनं आणि द्रावणं

झेड-बफर, १ लिटर. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६० मिलिमोलर, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४० मिलिमोलर, पोटॅशियम क्लोराइड १० मिलिमोलर, मॅग्नेशियम सल्फेट १ मिलिमोलर, पीएच ७.०.

इथली नेहमीची चूक म्हणजे बाटलीवरचं पाणी न वाचणं. नेटवरच्या कृतीत डायसोडियम मीठ १६.१ ग्रॅम लिहिलेलं असतं. ते सात रेणू पाण्याच्या मिठासाठी आहे. आपल्याकडच्या कपाटात बहुधा दोन रेणू पाण्याचं किंवा निर्जल मीठ असतं. दोन पाण्याचं असेल तर १०.७ ग्रॅम, निर्जल असेल तर ८.५ ग्रॅम घ्या. मोनोसोडियम मीठ एक पाण्याचं असेल तर ५.५ ग्रॅम, दोन पाण्याचं असेल तर ६.२ ग्रॅम. पोटॅशियम क्लोराइड ०.७५ ग्रॅम आणि सात पाण्याचं मॅग्नेशियम सल्फेट ०.२५ ग्रॅम.

हे बफर ऑटोक्लेव्ह करायचं नाही. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल लिटरला २.७ मिली लागतं, पण ते साठ्यात मिसळू नका. त्या दिवशी लागेल तेवढ्या बफरमध्ये, म्हणजे १०० मिलीला ०.२७ मिली, फ्यूम हूडमध्ये मिसळा.

ओएनपीजी, म्हणजे बीटा-गॅलॅक्टोसिडेझने तोडलं की पिवळा रंग देणारं रसायन. झेड-बफरमध्ये ४ मिलिग्रॅम प्रति मिली, त्याच दिवशी केलेलं. द्रावण आधीच पिवळसर दिसत असेल तर फेकून द्या. पावडर उन्हातून आलेली किंवा बाहेर राहिलेली असेल तर ब्लँकमध्येच पिवळा रंग येतो.

थांबवण्यासाठी: १ मोलर सोडियम कार्बोनेट. पेशी फोडण्यासाठी: क्लोरोफॉर्म आणि ०.१ टक्का एसडीएस.

पेशी निलंबनासाठी: १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, निर्जंतुक आणि थंड. वाढीसाठी: साधा एलबी (पोषक द्रव माध्यम) आणि दुप्पट तीव्रतेचा एलबी.

पॉझिटिव्ह कंट्रोल: मायटोमायसिन सी, शेवटची मात्रा ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली. ते नसेल तर नॅलिडिक्सिक आम्ल ४० मायक्रोग्रॅम प्रति मिली. नॅलिडिक्सिक आम्ल साध्या पाण्यात विरघळत नाही, पातळ सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा. मग तेवढंच सोडियम हायड्रॉक्साइड घातलेली एक नळीही ठेवा, नाहीतर परिणाम औषधाचा की अल्कलीचा हे कळणार नाही.

इशारा: मायटोमायसिन कर्करोगावरचं औषध आहे आणि ते माणसाच्या डीएनएवरही तितकंच काम करतं. हातमोजे घाला, कुपी फॉइलमध्ये ठेवा, उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका. घातक कचऱ्याच्या बाटलीत वेगळं जमा करा.

तपासा: सगळी द्रावणं डिस्टिल्ड पाण्यातच. बोअरच्या पाण्याने धुतलेल्या नळ्यांवर क्षाराचा पांढरा थर राहतो आणि क्युव्हेटवर तो असला की ४२० नॅनोमीटरचं, म्हणजे पिवळ्या रंगाचं, रीडिंग उगाच वाढतं. शेवटचे दोन हात डिस्टिल्ड पाण्याचेच मारा.

## ४. यूव्ही दिव्याचा डोस ठरवणं

‘३० सेकंद यूव्ही दिला’ या वाक्याला अर्थ नाही. दिवा कोणता, किती जुना, किती अंतरावर, यावर त्याच ३० सेकंदांत डोस कित्येक पट बदलतो. डोस ज्यूल प्रति चौरस मीटरमध्ये लिहायचा.

१. तरंगलांबी २५४ नॅनोमीटर हवी. टीएलसी प्लेट (रसायनं वेगळी करायची पातळ थराची प्लेट) पाहायच्या हातातल्या दिव्यावर २५४ आणि ३६५ असं बटण असतं, ते ३६५ वर राहिलं तर काहीच होणार नाही.

२. दिवा लावून १५ मिनिटं तापू द्या. मध्ये वीज गेली तर परत आल्यावर पुन्हा १५ मिनिटं.

३. प्लेट जिथे ठेवणार नेमक्या त्याच उंचीवर मीटर ठेवून मोजा. मीटर बहुधा मायक्रोवॅट प्रति चौ. सें.मी. दाखवतो. १०० मायक्रोवॅट प्रति चौ. सें.मी. म्हणजे १ वॅट प्रति चौ. मी.

४. समजा रीडिंग ५० आलं, म्हणजे ०.५ वॅट प्रति चौ. मी. मग ५ ज्यूलला १० सेकंद, १० ज्यूलला २० सेकंद, २० ज्यूलला ४० सेकंद आणि ४० ज्यूलला ८० सेकंद लागतील.

५. सर्वांत लहान डोस १० सेकंदांपेक्षा कमी वेळात संपत असेल तर दिवा लांब न्या. दोन-तीन सेकंदांचा डोस हाताने अचूक देता येत नाही.

६. दिवा चालू-बंद करून डोस देऊ नका. दिवा चालूच ठेवा, मध्ये जाड पुठ्ठा धरा आणि तो बाजूला सारून वेळ मोजा.

मीटर नसेल तर जवळच्या विभागातून एका दिवसासाठी मागून आणा. अंतराच्या वर्गाचं सूत्र लावून अंदाज काढू नका. लांब नळीचा दिवा जवळ असताना ते सूत्र लागू पडत नाही.

इशारा: डोळ्यांना पॉलीकार्बोनेटचा पूर्ण चेहरा झाकणारा शील्ड हवा. गॉगलवर भागवू नका. मनगट आणि मान झाकलेली असू द्या. भाजल्याचं तेव्हा कळत नाही, काही तासांनी कळतं.

## ५. खोली अंधारी करणं

ई. कोलायमध्ये फोटोलायेज नावाचं एन्झाइम असतं. निळसर उजेड मिळाला की ते यूव्हीने चिकटवलेले पिरिमिडीन थेट सोडवतं. तुम्ही मोजायला निघालेलं नुकसानच ते खिडकीच्या उजेडात पुसून टाकतं. डोस देऊन झाल्यावर ट्यूबलाइटखाली पाच-दहा मिनिटं गप्पा मारल्या तरी निकाल बदलतो.

म्हणून डोस दिल्यापासून नमुना बर्फात जाईपर्यंत फक्त पिवळा किंवा लाल बल्ब. फ्लास्कला फॉइल. सर्व्हायव्हलच्या प्लेट काळ्या पिशवीत घालून इन्क्युबेटरमध्ये. पडदे लावलेल्या खोलीत एप्रिलच्या दुपारी उभं राहवत नाही आणि पंखा लावला तर उघड्या प्लेटमध्ये धूळ येते. हा भाग सकाळी सात-साडेसातला उरकेल असं वेळापत्रक आखा.

तपासा: एक प्लेट मुद्दाम २० ज्यूल देऊन अर्धा तास ट्यूबलाइटखाली ठेवा. तिच्यावर अंधारातल्या प्लेटपेक्षा ठळकपणे जास्त वसाहती आल्या, तर तुमचा अंधार खरोखर काम करतोय.

## ६. पेशी तयार करणं

१. एक वसाहत ५ मिली एलबीत, ३७ अंशांवर रात्रभर.

२. सकाळी ५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये ६० मिली ताजा कोमट एलबी, त्यात ०.६ मिली रात्रीचं कल्चर. शेकर १८० फेऱ्यांवर.

३. ओडी६०० (६०० नॅनोमीटरवर मोजलेला गढूळपणा) ०.२५ आला की लगेच काढा. ०.४ च्या पुढे गेलं तर पुन्हा पातळ करून वाढवा. रात्रीचं जुनं कल्चर थेट वापरणं ही मोठी चूक आहे. त्यात प्रत काढण्याचं काम जवळपास थांबलेलं असतं.

४. मायटोमायसिन कंट्रोलसाठी १० मिली बाजूला काढा. उरलेलं ४००० जी वर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. यंत्रावर फक्त आरपीएम असेल तर रोटरची त्रिज्या पाहा. त्रिज्या १० सें.मी. असेल तर सुमारे ६००० आरपीएम.

५. तेवढ्याच थंड मॅग्नेशियम सल्फेट द्रावणात अलगद मिसळा. गाठी राहू देऊ नका. बर्फावर ठेवा.

एलबीतच यूव्ही देऊ नका. एलबी स्वतःच यूव्ही शोषतो आणि पेशींपर्यंत डोसचा थोडाच भाग पोहोचतो.

इशारा: शेकर चालू असताना वीज गेली तर कल्चर हवेविना बसतं आणि वाढीची गती बिघडते. पाच मिनिटांपेक्षा जास्त गेली असेल तर त्या दिवशीचं कल्चर टाकून नव्याने सुरू करा. तेच पुढे रेटलं तर सगळे आकडे संशयास्पद होतील.

## ७. डोस देणं आणि नमुने घेणं

१. पाच पेट्री प्लेट घ्या: ०, ५, १०, २० आणि ४० ज्यूल. प्रत्येकीत ८ मिली निलंबन, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटरचा थर. जास्त ओतलं तर वरच्या पेशी खालच्यांना झाकतात.

२. झाकण काढा. झाकण ठेवून डोस दिल्याची उदाहरणं खूप आहेत. प्लास्टिक आणि साधी काच दोन्ही २५४ नॅनोमीटर अडवतात.

३. डोस चालू असताना प्लेट हलकेच फिरवत राहा. शून्य डोसची प्लेटही तितकाच वेळ पुठ्ठ्याआड उघडी ठेवा.

४. लगेच प्रत्येकीतून ०.१ मिली सर्व्हायव्हलसाठी काढा. ओडी ०.२५ ला मिलीमागे साधारण वीस कोटी, म्हणजे २०० दशलक्ष पेशी असतात. शून्य डोससाठी १०⁻⁵ पातळीकरणातून ०.१ मिली पसरा, २०० च्या आसपास वसाहती याव्यात. ४० ज्यूलसाठी १०⁻³ आणि १०⁻⁴ ही लावा.

५. उरलेलं निलंबन १०० मिलीच्या फॉइल लावलेल्या फ्लास्कमध्ये ओता आणि तितकाच ३७ अंशांचा दुप्पट तीव्र एलबी घाला. शेकरवर ठेवा. ही वेळ शून्य. बाजूला काढलेल्या १० मिलीत आता मायटोमायसिन घाला.

६. ०, १५, ३०, ४५, ६० आणि ९० मिनिटांना प्रत्येकी १.५ मिली काढा. नळी आधीच बर्फात असू द्या, आत क्लोरॅम्फेनिकॉल, शेवटची मात्रा १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. प्रथिनं बनणं तिथेच थांबलं पाहिजे.

पाच डोस आणि कंट्रोल एकदम हाताळायला दोन माणसं लागतात. एकटे असाल तर फ्लास्क दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुरू करा आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं लिहा.

तपासा: ६० मिनिटांच्या नमुन्यातून एक थेंब स्लाइडवर घ्या, सॅफ्रानिनने रंगवा, १०० च्या ऑइल लेन्सखाली पाहा. शून्य डोसच्या पेशी २ ते ४ मायक्रोमीटर. २० ज्यूलच्या नमुन्यात १० मायक्रोमीटरपेक्षा लांब, मध्ये भिंत नसलेले तंतू दिसले पाहिजेत. सुलए विभाजनाचं एफटीएसझेड प्रथिन अडवतं, त्याचा हा परिणाम. मात्र रिपोर्टर स्ट्रेनमध्ये लॅकझेड सुलएच्या आतच घुसवलेलं असेल तर सुलए मोडलेलं असतं आणि तंतू होत नाहीत. त्यासाठी हा भाग एमजी१६५५ वर समांतर करा.

तंतूंमुळे आणखी एक गोष्ट बिघडते. तंतू कितीही लांब झाला तरी प्लेटवर त्याची एकच वसाहत येते, ओडी मात्र वाढत राहतो. म्हणून एन्झाइमचं प्रमाण ‘प्रति वसाहत’ काढलं की प्रतिसाद खोटाच फुगतो. ओडीनेच भागा.

## ८. बीटा-गॅलॅक्टोसिडेझ मोजणं

मिलर यांची मूळ पद्धत २८ अंशांवर आहे. सोलापुरात मार्चअखेर खोलीच ३४-३५ अंशांवर असते. साध्या वॉटर बाथला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही, त्यामुळे २८ चं बटण लावलं तरी आत पाणी ३४ चंच राहतं. दिवसभरात ते आणखी चढतं आणि सकाळचे-दुपारचे नमुने जुळत नाहीत. बाथ सरळ ३७ अंशांवर लावा, सगळे नमुने त्यावरच करा आणि अहवालात तसं लिहा. अशा आकड्यांची तुलना २८ अंशांवरच्या छापील आकड्यांशी करू नका. त्याच प्रयोगातल्या शून्य डोसशी करा.

१. प्रत्येक नमुन्याचा ओडी६०० घ्या. ०.४ च्या वर असेल तर पातळ करून मोजा आणि गुणा.

२. काचेच्या नळीत नमुना आणि झेड-बफर मिळून १ मिली. सुरुवातीच्या नमुन्यांना ०.५ मिली, जोरदार नमुन्यांना ०.१ मिली कल्चर. प्लास्टिकच्या पारदर्शक नळ्या वापरू नका, क्लोरोफॉर्मने त्या धुरकट होतात.

३. एसडीएसचा एक थेंब, क्लोरोफॉर्मचे दोन थेंब, दहा सेकंद व्होर्टेक्स. एसडीएस जास्त झालं तर बफरमधल्या पोटॅशियमबरोबर पांढरा साका बसतो.

४. बाथमध्ये पाच मिनिटं. मग ०.२ मिली ओएनपीजी, घड्याळ सुरू.

५. रंग फिकट लिंबासारखा झाला की ०.५ मिली सोडियम कार्बोनेट, घड्याळ बंद. मिनिटं लिहा. सगळ्या नळ्यांना एकच वेळ लावण्याचा हट्ट नको, पण ४२० चं रीडिंग ०.९ च्या पुढे जाऊ देऊ नका. गडद पिवळा झालेल्या नळीत ओएनपीजी संपत आलेलं असतं.

६. क्लोरोफॉर्म तळाशी बसू द्या. वरचं द्रव घेऊन ४२० आणि ५५० वर वाचा. कलरिमीटरला ५५० चा फिल्टर नसेल तर नळी दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, वरचं स्वच्छ द्रव फक्त ४२० वर वाचा आणि ५५० ची वजाबाकी सोडून द्या.

ब्लँकमध्ये कल्चरऐवजी एलबी, बाकी सगळं तेच.

## ९. आकडेमोड

मिलर युनिट = १००० × (ए४२० − १.७५ × ए५५०) ÷ (मिनिटं × कल्चरचे मिली × ओडी६००)

रीत समजण्यापुरतं एक उदाहरण. २० ज्यूल, शून्य मिनिट: ए४२० ०.२१, ए५५० ०.०२, ४० मिनिटं, ०.५ मिली, ओडी ०.१२. वरचा भाग १७५, खालचा २.४, उत्तर ७३. तोच फ्लास्क, ६० मिनिटं: ए४२० ०.६२, ए५५० ०.०२, १८ मिनिटं, ०.१ मिली, ओडी ०.३०. वरचा भाग ५८५, खालचा ०.५४, उत्तर १०८३. म्हणजे सुमारे १५ पट.

‘कल्चरचे मिली’ म्हणजे नळीत घातलेलं कल्चर, नळीतलं एकूण द्रव नव्हे. ही गफलत इतकी होते की वहीच्या कोपऱ्यात ठळक लिहून ठेवा.

## १०. आलेख वाचताना

डोस वाढवला की प्रतिसाद वाढतच जाईल, ही अपेक्षा धरू नका. एका मर्यादेपलीकडे डीएनए इतका बिघडतो की लॅकझेडची आरएनए प्रतही नीट निघत नाही, आणि पेशीही मरतात. त्यामुळे सर्वांत मोठ्या डोसला आकडा खाली आला तर तो सर्व्हायव्हल वक्राशेजारी ठेवून वाचा. पीक्यू३७ मध्ये यासाठीच अल्कलाइन फॉस्फेटेज कायम चालू ठेवलेलं आहे. तेही पडलं असेल तर पेशींची प्रथिनं बनवायची क्षमताच गेली.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे. ९० मिनिटांनाही मिलर युनिट उतरत नाहीत हे पाहून ‘एसओएस अजून चालूच आहे’ असं लिहिलं जातं. बीटा-गॅलॅक्टोसिडेझ टिकाऊ प्रथिन आहे. जनुक बंद झालं तरी आधी बनलेलं एन्झाइम तसंच राहतं आणि पेशी वाढतील तसं हळूहळू विरळ होतं. प्रतिसाद कधी थांबला हे पाहायचं असेल तर प्रति मिली कल्चरमधली एन्झाइम क्रिया उभ्या अक्षावर आणि ओडी६०० आडव्या अक्षावर घ्या. रेषेचा उतार म्हणजे त्या वेळी एन्झाइम बनण्याचा वेग. उतार सुरुवातीला चढा असतो आणि लहान डोसला अर्ध्या-एक तासात पुन्हा आडवा होऊ लागतो. लेक्सए परत साठल्याची खूण तिथे दिसते.

निकाल अपेक्षेप्रमाणे न आल्यास या क्रमाने पाहा:

- मायटोमायसिनलाही प्रतिसाद नाही: स्ट्रेन चुकीचा किंवा ओएनपीजी बिघडलेलं. डीएच५-अल्फासारखाच वागतोय का ते पाहा.
- मायटोमायसिनला आहे, यूव्हीला नाही: झाकण, तरंगलांबी, एलबीत दिलेला डोस किंवा उजेड.
- शून्य डोसलाच जास्त: जुनं कल्चर, प्लास्मिडवरचा रिपोर्टर, शाबूत राहिलेला मूळ लॅक ओपेरॉन किंवा खिडकीतून आलेलं ऊन.
- डीएच५-अल्फा आणि मुख्य स्ट्रेनचे सर्व्हायव्हल वक्र सारखेच: डोस पोहोचलाच नाही. रेकए नसलेल्या पेशी थोड्या ज्यूललाही झपाट्याने मरायला हव्यात.
- तिन्ही पुनरावृत्तींत आकडे विखुरलेले: बाथचं तापमान थर्मामीटर बुडवून पाहा, बटणावर विश्वास ठेवू नका.

मिथाइल मीथेनसल्फोनेटसारखं मिथाइल गट चिकटवणारं रसायन वापरायचा विचार असेल तर एक भेद ध्यानात ठेवा. त्याने एसओएस तर चालू होतोच, शिवाय एडीए प्रथिनाचा वेगळा मार्गही जागा होतो. एडीए डीएनएवरचा मिथाइल गट स्वतःच्या सिस्टीनवर ओढून घेतं आणि मग स्वतःचंच व एएलकेएचं जनुक चालू करतं. त्याला ना लेक्सए लागतं ना रेकए. सुलए-लॅकझेडवर हा मार्ग दिसणार नाही. तो पाहायचा तर एडीए प्रमोटरचा वेगळा रिपोर्टर घ्यावा लागेल, आणि रेकए नसलेला स्ट्रेन शेजारी ठेवावा लागेल.